कंदीलवाल्यांच्या गाण्यातल्या दोन टाळ्या

कुसगाव, ११ नोव्हेंबर १९७३

नंदे,

मागच्या दोन पत्रांत आशीर्वाद पाठवले होते. त्यांची पोच नाही, म्हणून या पत्रात आशीर्वाद नाहीत. आधी उत्तर दे, मग मिळतील.

खोपोली काय विलायतेत आहे का गं? माझ्या परसातून घाटाची कड दिसते. त्या कडेच्या खाली तू. एस.टी.त बसलं आणि पदरात भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, तर त्या संपायच्या आत माणूस पोचतं. आणि आपण दोघी सख्ख्या बहिणी तिकिटं चिकटवत बसलोय. म्हणजे चिकटवते मीच. तू काय, वाचतेस तरी की नाही देव जाणे.

आबांची म्हैस व्याली. पारडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे.

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये, ते तुला कळलंच असेल. तर ऐक. परवा हे टॉकीजमधून आले ते काखेत एक गुंडाळी मारून. तुझे दाजी डोअरकीपर झाल्यापासून त्यांना वाटतं टॉकीज त्यांच्याच वाडवडलांनी बांधलंय. मी भाकरी थापत होते. म्हणाले, "हात धू आन् हे बघ." मी म्हटलं, असेल कुणा नटीचं चित्र, मला काय करायचंय. त्यांनी गुंडाळी उलगडली. वर मोठा कंदील, खाली चार माणसं, हातात गिटारी. इंग्रजीत नाव. माझी भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली, नंदे. आपले कंदीलवाले! परत येतायत! लोणावळ्यात, याच टॉकीजमध्ये, भोगीच्या दिवशी, रविवारी सकाळी.

आठवत नाही म्हणालीस तर येऊन थोबाडीत देईन. मळवली स्टेशनापलीकडचा तो मुंबईच्या शेटचा बंद बंगला. आपण दोघी दुधाचा रतीब घालायला जायचो आणि एक दिवस आतून असा काही आवाज आला की तू चरवी टाकून माझ्या पदरात घुसलीस. मुंबईला बिल्डिंगीतल्या लोकांनी हाकलून लावलेली चार पोरं आपली वाद्यं घेऊन हितं येऊन राहिली होती. केकी गाणारा, नोएल तो ड्रम बडवणारा, आणि ते दोघे, एक चष्मेवाला आणि एक लंबू, त्यांची नावं आपल्याला कधी नीट घेताच आली नाहीत. त्यांच्या गठ्ठ्यांवर कंदील रंगवलेला होता, म्हणून अख्खं भाजे त्यांना कंदीलवालेच म्हणायचं.

आणि आबा काठी घेऊन भांडायला गेले होते ते? बैल दावं तोडून पळाला म्हणून! दिवेलागण झाली तरी परत येईनात, म्हणून आपण बघायला गेलो, तर म्हातारा व्हरांड्यात मांडी घालून बसलेला आणि नोएलला सांगतोय, "आरं लेका, घाई करू नगं, ठेका बसू दे, मातीवानी बसू दे." पुढं तो नोएल एकादशीला आपल्या भजनाला यायला लागला.

आबांना पोरगा नाही म्हणून त्यांनी आपल्यालाच टाळ शिकवले. गाव नावं ठेवायचं, पण आबांनी कधी कुणाला जुमानलं नाही. माझा टाळ बरा वाजायचा. तुझं मात्र एकच रडगाणं. हातात टाळ असो नसो, ओळ संपायच्या आधीच तुझ्या दोन टाळ्या पडायच्या, टक्-टक्. आबा कावायचे, "उतावळे, अभंग काय पळून चाललाय व्हय?" आणि तेच तू बंगल्याच्या पायरीवर बसून त्यांच्या इंग्रजी गाण्यात केलंस! मी तर लाजेनं अर्धी झाले. पण नोएलनं सगळ्यांना थांबवलं, तुला म्हणाला, फिरून वाजव. आणि त्या गाण्यात त्यांनी जागाच करून ठेवली. सगळी वाद्यं गप्प व्हायची, तुझ्या दोन टाळ्या पडायच्या, आणि मग पुन्हा धडाधड सुरू.

त्याच वर्षी नाताळात त्यांनी या टॉकीजमध्ये कार्यक्रम केला आणि नोएलनं भर गर्दीत ड्रमची काठी तुझ्याकडं रोखली होती. तू आठवडाभर जमिनीवर चालत नव्हतीस. मग गेले ते गेलेच. कुणी म्हणे कलकत्त्याला, कुणी म्हणे परदेशात. मधे माझं लग्न झालं, तुझं...

तुझंही झालं. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, म्हणून लिहीत नाही.

यांना दोन पास मिळणार आहेत. एक माझा. दुसरा कुणाचा ते विचारू नकोस.

तुझी (अजून तरी) आक्का


कुसगाव, ९ डिसेंबर १९७३

नंदे,

उत्तर नाही. बरं. मी तरी कुठं उत्तराची वाट बघतेय. लिहायची खाज आहे म्हणून लिहिते.

भात झोडायला भाज्याला गेले होते. आबांच्या मदतीला यंदा दोनच माणसं होती. कान्हू असता तर एका दिवसात खळं साफ केलं असतं, असं शेजारच्या सरुबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी आबांकडं पाहिलं. ते पेंढा रचत होते, रचतच राहिले. पण रागावले नाहीत, हे तुला सांगते. आधी कान्हूचं नाव निघालं की हातातलं टाकून उठायचे. आपल्याच खळ्यावर कामाला येणारा डोंगरावरच्या वाडीतला पोरगा, आपल्यातला नव्हे, आणि त्याच्याशी पोरगी न विचारता लग्न करून मोकळी. गावानं वर्षभर त्यांना त्यावरून टोचून खाल्लं गं. तू नव्हतीस, मी होते बघायला.

ते जाऊ दे. खरी गंमत पुढं आहे.

मी सुपानं भात वारवत होते. बांधावरून एक माणूस येताना दिसला. खांद्यावर रुळणारे केस, दाढी, गळ्यात मण्यांची माळ, अंगात भगव्यासारखा सदरा. आबा म्हणाले, "शाले, गोसावी आलाय, खळ्यावरनं रिकामा जाऊ देऊ नये." आणि पसाभर भात घेऊन पुढं गेले. तो माणूस उभा राहिला, आबांकडं पाहिलं, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. आबांनी भात घातलं, कपाळाला हात लावला. गोसावी काही हलेना. मग त्यानं ते भात सदऱ्याच्या खिशात नीट भरलं, खाली वाकला आणि आपली पालथी घातलेली पाटी होती ना, तिच्यावर बोटांनी ठेका धरला. भजनाचा. आबांनी शिकवलेला, मातीवानी बसलेला.

आबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. "आरं तिच्या! नोएल?"

"आबा, वळखलं नाय काय?"

"तोंड कुटं दिसतंय वळकायला? हाताला वळकलं." आणि त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बिचारा खोकायला लागला. मग दोघं बसले खळ्यावर. गूळ-चहा झाला. चौघं जण फुटून गेले होते म्हणे, कुणी नोकरीला लागला, कुणी आगबोटीवर वाजवायला गेला. आता पुन्हा जमलेत आणि पहिला कार्यक्रम हितं करायचा असं केकीनंच ठरवलं.

मग त्यानं विचारलं, "नंदा कुटं हाय?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. सरुबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मनात म्हटलं, आता आबा उठून गोठ्याकडं जाणार. तर आबा पेंढ्याची एक काडी मोडत बसले, मोडत बसले, आणि म्हणाले, "हाय तिच्या घरी."

तिच्या घरी. नीट वाच, नंदे. मी काही पदरचं घालून सांगत नाहीये. तू गेल्यापासून त्या तोंडातून तुझ्याबद्दल निघालेला हा पहिला शब्द. आणि 'कुटं का आसंना' म्हणाले नाहीत, 'मेली' म्हणाले नाहीत. तुझ्या घराला घर म्हणाले.

नोएलला काय कळलं, काय नाही. तो म्हणाला की ते गाणं ते अजून वाजवतात आणि ती दोन टाळ्यांची जागा अजून मोकळी ठेवतात. दुसऱ्यांकडून करून बघितलं, पण कुणालाच ते तसं जमत नाही. आबांना यायचं आवतण देऊन गेला. "बघू, झोडणी उरकली तर," आबा म्हणाले. झोडणी त्याच दिवशी उरकली होती.

आणखी एक. निघताना आत पाणी प्यायला गेले तर खुंटीवर तुझे टाळ दिसले. त्यांना नवी दोरी ओवलेली आहे. मी म्हटलं, आबा, ही दोरी कधी बदलली? म्हणाले, "जुनी उंदरानं कुरतडली." उंदीर तेवढ्या उंचावर चढून माझ्या टाळाची दोरी सोडून तुझीच कुरतडतो, हे नवलच म्हणायचं.

आक्का


खोपोली, १९ डिसेंबर १९७३

प्रिय आक्का,

तुझी सगळी पत्रं मिळाली. लिहायला बसले की रडू येतं आणि कार्ड खराब होतं. हे म्हणतात, अशानं पोस्टातली कार्डं संपतील. आमचं बरं चाललंय. ह्यांना कारखान्यात कायम केलं.

मी येणार नाही. आबा येणार असतील तर मुळीच नाही. मी समोर आले आणि चारचौघांत त्यांनी माझ्याकडं पाठ फिरवली, तर ते मला सोसायचं नाही. घरातून निघाले तेव्हा फिरवली होती, ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मला त्यांची भीती वाटत नाही, त्या पाठीची वाटते.

कंदीलवाल्यांना माझा नमस्कार सांग. नोएलला म्हणावं, नंदा टाळी विसरली.

नंदा

ता. क. दोरी कोणत्या रंगाची ओवलीय?


कुसगाव, २४ डिसेंबर १९७३

नंदे,

लाल.

झालं समाधान? टाळी विसरली म्हणे! खोटारडे. तिकडं भाकरी थापतानासुद्धा तुझे हात तेच करत असतील.

मी कधी कुणाच्या पाया पडत नाही, तुझ्या तर नाहीच नाही, थोरली आहे मी. पण एक सांगते आणि गप्प बसते. आबा अजून जेवताना फडताळातून दोन ताटं काढतात. मग एक परत ठेवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, आबा, कुसगावला येऊन राहा. म्हणाले, "म्हशीकडं कोन बघंल?" म्हैस सरुबाई बघतील की. पण खरी गोष्ट अशी आहे की आपण तिकडं गेलो आणि मागं कुणी आलं, तर दाराला कुलूप नको, असं त्यांच्या मनात आहे. हे ते बोलले नाहीत. मी त्यांची पोरगी आहे, मला कळतं. आणि मला तुम्हा दोघांमध्ये उभं राहायचा लय कंटाळा आलाय गं. माझा जीव इकडंही ओढतो आणि तिकडंही, आणि तुम्ही दोघं आपापल्या जागी खुंट्यासारखे घट्ट.

दुसरा पास आबांना दिला. काल निरोप आला, "काळा कोट धुवायला टाकू का उन्हात घालू, ते इचार." म्हणजे येतायत.

तू येऊ नकोस. घाटाची कड बघत बस. मी इकडून बघते, तू तिकडून बघ.

आक्का


कुसगाव, १५ जानेवारी १९७४, किंक्रांत

नंदे,

आज काही चांगलं करू नये म्हणतात, म्हणून आधी तुला शिव्या घालते. भवाने, निर्दये, उलट्या काळजाचे! कशासाठी ते तुला ठाऊक आहे. पण सगळं ओळीनं सांगू दे, मधलं एक तुला ठाऊक नाही आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

आबा आदल्या दिवशीच आले. सकाळी काळा कोट, लाल पागोटं, काखेला पिशवी. टॉकीजच्या दारात मुंबई-पुण्याची पोरंपोरी नुसती उसळत होती, काय ते पायघोळ कपडे, काय ते केस! त्यांच्यात आमचं म्हातारं. दाराशी पोचले आणि वहाणा काढल्या. मी म्हटलं, आबा, हे टॉकीज आहे. म्हणाले, "वाद्यं हायती ना आत? मग?" आणि वहाणा जावयाच्या हवाली केल्या. तुझे दाजी एका हातानं तिकिटं फाडतायत आणि दुसऱ्या हातात सासऱ्याच्या वहाणा.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आबांनी पिशवीतून नारळ काढला, हळदीकुंकू लावून आणलेला, आणि सरळ जाऊन ड्रमपुढं ठेवला. एक पोरगं धावत आलं, "ओ बाबा, ओ बाबा, वर हात लावू नका!" तेवढ्यात पडद्याआडून नोएल आला. त्यानं त्या पोराला बाजूला केलं, नारळाला हात लावून कपाळाला लावला आणि नारळ तिथंच ठेवला. आबा परत येऊन बसले, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून असे ऐटीत, जसा काही कार्यक्रम त्यांनीच लावला होता.

मग दिवे मालवले आणि ती चौघं आली. नंदे, माझं काळीज धसकलं. केकीचं टक्कल पडलंय गं. पोट एवढं सुटलंय की गिटार त्याच्यावर टेकते. लंबूला वाक आलाय. मला वाटलं, कशाला आलो आपण? होतं ते डोळ्यांत तसंच राहू द्यायला हवं होतं. मी आबांचा कोट घट्ट धरला.

आणि नोएलनं काठ्या वाजवल्या.

अगं काय सांगू तुला! पहिलाच सूर निघाला आणि माझ्या पायाखालची फरशी थरथरली. केकीनं तोंड उघडलं तर तोच आवाज, तस्साच, कुठं खरचटलेलासुद्धा नाही. मला रडू आलं, हसू आलं, आणि मी ओरडले. मी! चिंगीची आई, डोअरकीपरची बायको, नऊवारीत! पुढं काय काय ओरडले ते माझं मलाच ठाऊक नाही. शेजारची एक पोरगी माझ्याकडं बघून हसली आणि तीही ओरडली. इतकी वर्षं मला वाटायचं की आपण दोघींनी ते सगळं मनानंच रचलं असेल. शेणामुताच्या हातांच्या दोन पोरींच्या वाट्याला असलं काही कसं येईल? पण नाही गं. ते खरं होतं. आपल्या वाट्याला आलं होतं. तू शेजारी हवी होतीस, एवढं एकच मनात येत होतं. बाकी सगळं होतं.

आबांचं बोट गुडघ्यावर चालूच. मधेच मला म्हणाले, "वरडत्यात लय, पर ठेका सोडला न्हाई पोरांनी."

मग केकी पुढं आला, काहीतरी इंग्रजीत बोलला, आणि आमच्याकडं बघून म्हणाला, "हे गाणं मळवलीच्या दुधाचं." आपलं गाणं.

पहिली जागा आली. सगळी वाद्यं गप्प. नोएल काठ्या वर धरून थांबला. भरलेलं टॉकीज, आणि चिडीचूप. माझे हात मांडीवर होते, मी ते एकमेकांत घट्ट अडकवले. मला वाजवता आलं असतं, पण ती जागा तुझी. कुणीच वाजवलं नाही. वाद्यं पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा जागा आली, तीही रिकामी गेली. दोन्ही वेळा आबांचं बोट गुडघ्यावर थांबलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही.

तिसऱ्यांदा जागा यायची होती. केकीची ओळ अजून संपलीसुद्धा नव्हती, आणि मागून, पार दाराकडून, टक्-टक्.

आधी! मेले, तिथंही आधीच! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नोएल ड्रमवर बसल्या जागी उडाला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. आणि आबा उभे राहिले. पहिल्या रांगेत, पागोट्यासकट, ताठ उभे. मागची पोरं ओरडायला लागली, "आजोबा, बसा ओ, दिसत न्हाई!" आबांना काही ऐकू येत नव्हतं. मोठ्यानं म्हणाले, "उतावळी! अजून उतावळीच हाय!"

गाणं संपेपर्यंत ते उभेच राहिले. मी वळून बघितलं तर दाराशी यांच्या बॅटरीच्या उजेडात निळ्या पातळाचा पदर दिसला. पुढच्या जागेला पुन्हा टाळ्या पडल्या, पुन्हा आधी. आबा हलले नाहीत. मागं वळले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण मान सरळ पुढं.

दिवे लागले तेव्हा तू नव्हतीस. मी चपला हातात घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत धावले, नंदे. नऊवारीत. सगळा बाजार बघत होता. गाडी सुटलेली. परत आले आणि यांना धरलं. तेव्हा कबूल झाले की दिवे मालवल्यावर तू आलीस, 'आक्काला सांगू नका' म्हणालीस, आणि कान्हू रस्त्यापलीकडं उसाच्या गुऱ्हाळाशी उभा होता. यांनी आत बोलावलं तर म्हणाला, "आबांच्या म्होरं मी कसा येऊ?" एवढं सगळं यांना ठाऊक आणि माझ्याशी चकार शब्द नाही! मी सांगितलं, आजपासून तुमचं जेवण टॉकीजमध्ये.

आता ते एक ऐक, जे तुला ठाऊक नाही.

तू दारातून काय पाहिलंस ते मला बरोबर माहीत आहे. तू त्यांची पाठ पाहिलीस. टाळी ऐकून उभे राहिले आणि वळलेच नाहीत, हे पाहिलंस, आणि काळीज फाटून पळालीस. ते डोळ्यांतलं पाणी तिकडून कसं दिसणार तुला? घरी येऊन जेवायला बसलो. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळं होतं, पण ताटं तशीच होती. शेवटी मी चिडलेच. म्हटलं, आबा, एकदा मान वळवली असती तर काय बिघडलं असतं? तुमची पोरगी होती ती.

आबा माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हंजी? मला काय ठावं न्हाई व्हय? आगं, मी मागं बघितलं आसतं तर ती पळाली आसती. घाबरत्या मला. मनात म्हनलं, आपुन हलायचं न्हाई, हितनं हललो तर टाळी थांबंल. मला अजून एकदा आयकायची व्हती."

ती पाठ त्यासाठी होती, नंदे. तू थांबावंस म्हणून.

मग आबांनी विचारलं, "त्यो भाईर हुबा व्हता?"

"व्हय."

"उन्हात?"

"व्हय, आबा."

"येडं हाय," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. पण तोंडात घातला नाही, हातातच धरून बसले. "शाले, तिला लिव्ह. टाळी अजून आधीच पडती म्हनावं. हितं येऊन सुदार म्हनावं. पुढच्या आयतवारी. आन् घरात बाईमानूस न्हाई, तवा तू आदल्या दिशी येऊन भाकरी कर. लगीन झाल्यापास्नं दारात आली न्हाईत ती, रीतीनं घेतलं पायजे. भाकरतुकडा दोघांवरनं उतरायचा. दोन भाकरी लागतील."

दोघांवरनं एकच तुकडा उतरतात, हे त्यांना ठाऊक नाही. आईच करायची असलं सगळं. असू दे. दोन भाकरी करीन.

तेव्हा रविवारी भाज्याला या. कान्हूला म्हणावं, गुऱ्हाळाशी उभं राहायचं नाही, सरळ दारात यायचं. आबांनी सांगितलंय रविवार, पण तू काही वेळेवर यायची नाहीस, शनिवारीच येशील. ये. आबा शुक्रवारपासून ओट्यावर बसलेले असतील.

आशीर्वाद. सगळे राहिलेलेही यातच.

तुझी आक्का